चार खांब पाठ आहेत, पण प्रोग्राम कुठून सुरू करू?

ताई,
मी सांगली जिल्ह्यातली, यंदा मेकॅनिकलची इंजिनिअर झाले. कॅम्पसमधून एका आयटी कंपनीत निवड झाली आहे, दोन महिन्यांनी पुण्यात ट्रेनिंग सुरू होईल. ‘जावा आणि ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंगची प्राथमिक तयारी करून या’ असा मेल आलाय. पहिल्या वर्षाला सी शिकले होते, तेवढंच. नोट्स मिळवून एन्कॅप्सुलेशन, अ‍ॅब्स्ट्रॅक्शन, इनहेरिटन्स आणि पॉलिमॉर्फिझम हे चार खांब व्याख्यांसकट पाठ केले. प्राणी, कुत्रा, मांजर, सगळी उदाहरणं वाचली. पण कोरी फाइल उघडली की काय लिहायचं हेच सुचत नाही. पुण्यात एक शिकवणी २५ हजारांत आहे, पप्पा म्हणतात लाव. मैत्रीण म्हणते जावा सोड, पायथॉन कर. ट्रेनिंगमधल्या परीक्षेत नापास झालं तर घरी पाठवतात असंही ऐकलंय. कॉम्प्युटरच्या मुलांमध्ये माझा निभाव लागेल का? सध्या घरीच आहे. पप्पा गावच्या दूध संस्थेचे सचिव आहेत, त्यांना दहा दिवसांच्या बिलांचा हिशेब जुळवायला मदत करते. लॅपटॉप जुना आहे, ४ जीबीचा. चालेल का?
– मेकॅनिकलवाली

प्रिय मेकॅनिकलवाली,

दूध संस्थेचं ते वाक्य तू जाता जाता लिहून गेलीस. मला मात्र तुझ्या पत्रात सगळ्यात कामाचं तेच वाटलं. कुत्रा आणि मांजर आजपासून बंद कर. त्या उदाहरणांतून कोणाचं काही अडत नाही, हीच त्यांची अडचण आहे. कुत्र्याने ‘भू’ छापलं काय आणि मांजरीने ‘म्याव’ छापलं काय, प्रोग्राम चुकला तरी कुणाचे पैसे बुडत नाहीत. दुधाच्या बिलात बुडतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो माणूस किटली घेऊन तुमच्या दारात उभा राहतो. म्हणून तू दूध संस्थेचं बिल करणारा प्रोग्राम लिही. दोन महिने हा एकच. (सभासदांची खरी नावं आणि रकमा घालू नकोस. लोकांचा हिशेब आहे तो, मनाने नावं रच.)

सुरुवात क्लासने करू नकोस. तुला येतं त्या सीच्या पद्धतीनेच जावात लिही. नावांचा एक अ‍ॅरे, खाते क्रमांकांचा दुसरा, लिटरचा तिसरा, फॅटचा चौथा, एसएनएफचा (फॅट सोडून दुधातल्या बाकीच्या घन पदार्थांचा) पाचवा. तिसऱ्या जागेवरचं नाव, तिसऱ्या जागेवरचे लिटर, तिसऱ्या जागेवरचा फॅट ही एकाच माणसाची माहिती, हे फक्त तुझ्या डोक्यात आहे. कॉम्प्युटरला त्यातलं काही माहीत नाही. आता पप्पा म्हणाले, ‘यादी नावाप्रमाणे लावून दे.’ तू नावांचा अ‍ॅरे क्रमाने लावलास. नावं हलली, फॅट होते तिथेच राहिले. एकाच्या म्हशीचं दूध दुसऱ्याच्या खात्यावर गेलं आणि प्रोग्रामने एकही एरर दिली नाही. हा घोळ स्वतःच्या हाताने एकदा होऊ दे. तो झाल्याशिवाय क्लास कशासाठी असतो हे कोणी सांगून कळत नाही.

मग क्लास लिही. सभासद नावाचा. खाते क्रमांक, नाव, त्याच्या रोजच्या दुधाच्या नोंदी आणि त्याची बाकी (संस्थेकडून त्याला येणं असलेली रक्कम), हे सगळं एकाच्या पोटात. क्लास लिहिला म्हणजे अजून एकही सभासद तयार झालेला नाही. सभासद कसा असतो एवढंच तू सांगितलंस. ‘न्यू’ हा शब्द लिहिलास की एक खराखुरा सभासद मेमरीत उभा राहतो, ते ऑब्जेक्ट. दोनशे सभासद म्हणजे दोनशे ऑब्जेक्ट, क्लास एकच. आता यादी कशीही लाव, माणूस हलला की त्याचं सगळं बिऱ्हाड त्याच्याबरोबर हलतं.

इथून पुढे प्रत्येक वळणावर स्वतःला एकच विचारायचं: ही माहिती कोणाची, आणि तिला हात लावायचा हक्क कोणाला? कंपनीतल्या मोठ्या सिस्टिमवर बसलेली माणसंही बैठकीत याच्यावरच भांडतात. तुझे चार खांब म्हणजे या प्रश्नाला मिळालेल्या उत्तरांना नंतर दिलेली नावं आहेत. तू नावं आधी पाठ केलीस, म्हणून ती अधांतरी राहिली.

बाकीचंच बघ. सभासदाची बाकी कशाकशाने बदलते? दूध जमा झालं की वाढते. उचल घेतली, पशुखाद्याचं पोतं नेलं की कमी होते. बिल वाटलं की शून्यावर येते. एवढ्याच वाटा. आता प्रोग्राममध्ये कुठूनही ‘बाकी बरोबर अमुक’ असं लिहिता येत असेल, तर हिशेब चुकल्यावर कुठे शोधणार? हजार ओळींत कुठेही. म्हणून बाकी प्रायव्हेट ठेवायची, म्हणजे क्लासबाहेरून तिला हात लावता येत नाही, आणि बाहेरच्यांना मेथड, म्हणजे ठरलेली कामं सांगायच्या वाटा, द्यायच्या: दूध जमा कर, उचल दे, खाद्य कापून घे, बिल चुकतं कर. आता चूक असलीच तर या चार मेथडमध्ये. तुझ्या नोट्समधलं एन्कॅप्सुलेशन ते हेच.

इथे नवीन मुलं हमखास एक गोष्ट करतात. फील्ड (क्लासमधल्या माहितीच्या जागा) प्रायव्हेट करतात आणि लगेच एडिटरकडून प्रत्येक फील्डचे गेटर-सेटर, म्हणजे ती वाचून देणाऱ्या आणि बदलणाऱ्या मेथड, आपोआप तयार करून घेतात. बाकीला सेटर दिलास की कुणीही तिच्यात काहीही भरू शकतो. दाराला कुलूप घालून किल्ली तिथेच खिळ्याला अडकवल्यासारखं. नाव बदलायला सेटर ठीक. खाते क्रमांकाला कशाला? तो एकदा दिला की दिला, तिथे फायनल लिही. बाकीला तर नकोच.

कन्स्ट्रक्टरचंही असंच. बहुतेक नोट्समध्ये ‘ऑब्जेक्ट तयार होताना आपोआप चालणारी खास मेथड’ एवढंच लिहिलेलं असतं, ते वाचून हाताशी काही लागत नाही. तुझ्याकडे रोजच्या संकलनाची एक नोंद असेल: तारीख, सकाळ की संध्याकाळ, गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ. टाइप करताना टिंब राहिलं आणि ६.५ च्या जागी फॅट ६५ पडला तर? हे होतं, हिशेब जुळवताना तूही पाहिलं असशील. तपासणी कुठे लिहायची? बिल करताना? यादी छापताना? सगळीकडे? नाही. नोंदीच्या कन्स्ट्रक्टरमध्ये, एकदाच. फॅट अशक्य असेल तर नोंद जन्मालाच येऊ द्यायची नाही, एक्सेप्शन टाकायचं, म्हणजे एरर देऊन काम तिथेच थांबवायचं. म्हणजे पुढे कुठेही नोंद हातात आली तर ती निदान वेडीवाकडी नाही, इतका भरवसा राहतो. जाता जाता पैशांबद्दल एक: रक्कम डबल या दशांश आकड्यांच्या प्रकारात ठेवू नकोस. जावात डबलमध्ये ०.१ अधिक ०.२ केलं की उत्तर ०.३ येत नाही, शेवटी एक बारीक शेपूट येतं. रक्कम रुपयांऐवजी पैशांत मोजून पूर्णांकात ठेव, नाहीतर नेमक्या दशांश हिशेबासाठीचा बिगडेसिमल हा क्लास शिकून घे.

अ‍ॅब्स्ट्रॅक्शन आणि एन्कॅप्सुलेशन यांत काय फरक, हे परीक्षेत नक्की विचारतील. अ‍ॅब्स्ट्रॅक्शन म्हणजे कामापुरतं काय ठेवायचं आणि काय सोडून द्यायचं हे ठरवणं. बिलाच्या प्रोग्रामला म्हशीचं वय, शेवटचं वेत, लसीकरण यातलं काही नको. तेच जनावरांच्या डॉक्टरसाठी प्रोग्राम लिहिलास तर हेच सगळं हवं, आणि फॅटचा दर नको. म्हैस एकच, दोन प्रोग्रामांत दोन वेगळे क्लास. ठेवलेल्या माहितीला पहारा बसवणं हे एन्कॅप्सुलेशन. याच्या पलीकडे शब्दांचा कीस काढू नकोस.

आता इनहेरिटन्स, म्हणजे एका क्लासने दुसऱ्या क्लासकडून त्याची माहिती आणि मेथड वारशाने घेणं. इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण बहुतेक जण वाट चुकतात ते इथेच, आणि शिकवणीत सगळ्यात जास्त वेळ यालाच देतात.

तुला गाय आणि म्हैस दिसणार आणि हात शिवशिवणार: सभासद हा पालक क्लास, त्याची दोन लेकरं, गायवाला सभासद आणि म्हैसवाला सभासद. प्रत्येकाचा दर काढण्याची मेथड वेगळी. फळ्यावर काढलं की छान दिसतं. पण तुझ्याच गावात असे किती गोठे असतील जिथे दोन गायी आणि एक म्हैस एकाच दावणीला आहे? तो सभासद कुठल्या क्लासचा? जावात एका क्लासला दोन पालक क्लास घेता येत नाहीत. सी प्लस प्लसमध्ये घेता येतात, पण म्हणून प्रश्न सुटत नाही. कारण उद्या त्याने म्हैस विकली तर? ऑब्जेक्ट एकदा ज्या क्लासचं म्हणून जन्मलं, त्याच क्लासचं मरेपर्यंत राहतं. म्हैस विकली म्हणून जुना सभासद मोडून नवा करायचा, आणि त्याची उचल, बाकी, जुन्या नोंदी सगळ्या इकडून तिकडे हलवायच्या? पप्पांना सांगून बघ, ते तुला वेड्यात काढतील. त्यांच्या वहीत सभासद एकच आहे. गाय की म्हैस हे त्या त्या वेळच्या दुधापुढे लिहिलेलं असतं. वही बरोबर आहे. गाय-म्हैस ही माहिती सभासदाची नाही, नोंदीची आहे.

पुस्तकांत इनहेरिटन्सची कसोटी म्हणून ‘हा तो आहे का?’ असा प्रश्न दिलेला असतो. गायवाला सभासद हा सभासद आहे का? आहे. म्हणजे कसोटीला उतरला, आणि तरीही डिझाइन चुकलं. त्यामुळे त्या कसोटीवर फार विसंबू नकोस. शिवाय नवखेच इथे घसरतात असंही नाही. जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत स्टॅक नावाचा क्लास आहे, अगदी पहिल्या आवृत्तीपासूनचा. स्टॅकमध्ये वर ठेवायचं आणि वरूनच काढायचं, एवढाच नियम. पण तो व्हेक्टर या यादी ठेवणाऱ्या क्लासचं लेकरू म्हणून लिहिला गेला आणि व्हेक्टरच्या सगळ्या मेथड त्याच्याकडे वारशाने आल्या. परिणाम असा की जावाच्या स्टॅकमध्ये मधोमध कुठेही वस्तू घुसवता येते. जगभरचे जुने प्रोग्राम त्याच्यावर चालत असल्यामुळे तो आता काढताही येत नाही. जावाचं अधिकृत डॉक्युमेंटेशनच सांगतं की त्याच्याऐवजी डेक वापरा. मुलाखतीत इनहेरिटन्सचे तोटे विचारले तर हे उदाहरण दे, समोरचा मान वर करून बघेल.

मग गाय आणि म्हशीच्या दराचं काय? तो खरा पॉलिमॉर्फिझमचा विषय, आणि चौघांत हाच सगळ्यात कामाचा. गायीचा दर साधारणपणे ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो, म्हशीचा ६ फॅट आणि ९ एसएनएफ धरून, आणि तिथून वर-खाली पॉइंटप्रमाणे वाढ किंवा कपात. तुला हे मी काय सांगायचं! तर दरपत्रक नावाचा एक इंटरफेस कर. त्यात एकच मेथड: फॅट आणि एसएनएफ दे, लिटरचा दर घे. इंटरफेसमधल्या अशा मेथडमध्ये नुसतं वचन असतं, हिशेब नसतो. मग गायीचं दरपत्रक आणि म्हशीचं दरपत्रक असे दोन क्लास कर आणि दोघांनी ते वचन आपापल्या पद्धतीने पाळायचं. प्रत्येक नोंदीला तिचं दरपत्रक दे. बिल करणारा कोड आता नोंदींवरून लूप फिरवतो, दर विचारतो, लिटरने गुणतो, बेरीज करतो. ‘गाय असेल तर असं, म्हैस असेल तर तसं’ अशी एकही इफ-एल्स तिथे नाही. समोर कुठलं दरपत्रक आहे हे बिलाला माहीतही नसतं. प्रोग्राम चालताना जावा त्या ऑब्जेक्टचा खरा क्लास बघते आणि त्याची मेथड चालवते. उद्या संस्थेने शेळीचं दूध घ्यायला सुरुवात केली तर एक नवा क्लास लिहायचा आणि नोंद करताना तो द्यायचा. बिलाच्या कोडला हात लावायचा नाही. इफ-एल्स असती तर ती बिलात, यादीत, पावतीत, जिथे जिथे लिहिली असती तिथे तिथे शोधत हिंडावं लागलं असतं आणि एक जागा हमखास राहिली असती.

एकाच नावाच्या, वेगवेगळे पॅरामीटर घेणाऱ्या मेथड म्हणजे ओव्हरलोडिंग. तिथली निवड कंपाइल करतानाच ठरते. दरपत्रकाचं जे झालं ते ओव्हरराइडिंग, ते चालताना ठरतं. परीक्षेत दोघांनाही पॉलिमॉर्फिझम म्हणतील, तिथे वाद घालू नकोस, गुण घे. पण तुझ्या कामाला येणारं दुसरं.

नोट्समध्ये हे सगळं प्राण्यांपासून का सुरू होतं कुणास ठाऊक. ही कल्पना मुळात नॉर्वेतली. ऑस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगार्ड यांनी केलेल्या सिम्युला ६७ या भाषेत क्लास, ऑब्जेक्ट, इनहेरिटन्स सगळं आहे. त्यांना खऱ्या जगातल्या व्यवस्था कॉम्प्युटरवर चालवून बघायच्या होत्या, भाषेचं नावच सिम्युलेशनवरून आहे. पुढे १९७०च्या दशकात झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत अ‍ॅलन के यांच्या पुढाकाराने स्मॉलटॉक आली. ‘ऑब्जेक्ट ओरिएंटेड’ हे नाव केंचंच, आणि नंतर त्यांनीच खंत व्यक्त केली की या नावामुळे सगळ्यांचं लक्ष ऑब्जेक्टवर गेलं. ऑब्जेक्ट एकमेकांना काय निरोप देतात, ही मोठी गोष्ट मागे पडली. जावा आली ती थेट १९९५मध्ये. बिलाने दरपत्रकाला ‘दर सांग’ म्हणणं आणि तो कसा काढला याची चौकशी न करणं, हाच तो निरोप.

दोन ठिकाणी तू अडकशील, आत्ताच सांगून ठेवते.

पहिलं, प्रोग्राम जिथून सुरू होतो त्या मेन मेथडमधून तुझी दुसरी मेथड हाक मारायला गेलीस की जावा ओरडेल: स्टॅटिक (कुठल्याही एका ऑब्जेक्टच्या नसलेल्या) ठिकाणाहून नॉन-स्टॅटिक मेथड वापरता येत नाही. एडिटर सुचवेल की स्टॅटिक लिही, एरर जाईल. मग दुसऱ्या मेथडला, मग फील्डला, असं करत सगळा प्रोग्राम स्टॅटिक होईल आणि तू परत सीमध्ये पोहोचशील, फक्त जास्त टाइप करून. त्या एररचा अर्थ इतकाच की बाकी विचारतेस, पण कोणाची? आधी सभासद तयार कर, मग त्याला विचार. संस्थेचं नाव स्टॅटिक असू दे, ते सगळ्यांचं एकच आहे.

दुसरं, व्हेरिएबलमध्ये ऑब्जेक्ट नसतं, त्याचा पत्ता असतो. एक सभासद दुसऱ्या व्हेरिएबलला असाइन केलास तर सभासद दोन होत नाहीत, पत्ते दोन होतात. एकाकडून उचल दिली की दुसऱ्याकडूनही बाकी कमी दिसते. दोन बरोबरची चिन्हं पत्ते ताडून बघतात, आतला मजकूर नाही. मजकुरासाठी इक्वल्स. स्ट्रिंगच्या बाबतीत दोन बरोबर कधीकधी चालून जातात, कारण कोडमध्ये थेट लिहिलेल्या सारख्या स्ट्रिंग जावा एकच ठेवते, आणि त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. कागदावर चौकोन आणि बाण काढत जा. मेकॅनिकलवाल्यांना ड्रॉइंगचा कंटाळा नसतो, ही जमेची बाजू धर.

ब्लूजे नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे, नवशिक्यांसाठीच केलेलं. त्यात क्लास चौकोनात दिसतो, त्यावर राइट क्लिक करून मेन न लिहिताच ऑब्जेक्ट करता येतं. ते खाली लाल रंगात येऊन बसतं, त्याची मेथड चालवून बघता येते, पोटात काय आहे तेही उघडून दिसतं. पहिले तीन-चार आठवडे त्यातच काम कर.

२५ हजारांची शिकवणी लावू नकोस. कंपनी हेच तुला पगार देऊन शिकवणार आहे. पप्पांना आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल दाखव; तिथे जावा फुकट आहे आणि बऱ्याच विषयांचे धडे मराठीतूनही आहेत. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे जावाचे वर्गही फुकट बघता येतात. पण एक काहीतरी धर, आणि जितका वेळ बघशील त्याच्या दुप्पट टाइप कर. चॅटजीपीटीसारख्या साधनाला ‘दूध संस्थेचा प्रोग्राम लिहून दे’ म्हणालीस तर क्षणात मिळेल, आणि तू आहेस तिथेच राहशील. त्याला एररचा अर्थ विचार, तू लिहिलेलं दाखवून कुठे फाटेल ते विचार. लिहायचं तू.

पायथॉन चांगली भाषा आहे, पण मेलमध्ये जावा लिहिलंय, विषय संपला. पायथॉनमध्ये प्रायव्हेटची सक्ती नाही, नावाआधी अंडरस्कोअर लावून ‘कृपया हात लावू नका’ एवढंच म्हणता येतं. पहारा शिकायचा असताना आधी सक्तीची भाषा बरी. क्लासची नावं मात्र इंग्रजीतच ठेव. जावा देवनागरी नावंही घेते, हौस म्हणून करून बघ, पण ट्रेनिंगमधल्या जोडीदाराला तुझा कोड वाचायचा असेल.

नापास होण्याचं म्हणशील, तर अशा परीक्षा असतात आणि काही कंपन्या त्या गंभीरपणे घेतात. जॉइनिंगच्या कागदांत त्याचे नियम असतील. सही करण्याआधी वाच, किती संधी देतात ते बघ, बाँड असेल तर त्याची रक्कम आणि मुदत बघ. कॉम्प्युटरच्या मुलांचं फार मनावर घेऊ नकोस. त्यांनी हे तिसऱ्या सेमिस्टरला वाचलेलं असतं आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं कुत्र्या-मांजराच्या पुढे गेलेलं नसतं. तुझ्या प्रोग्रामने मनाने रचलेल्या वीस सभासदांचं दहा दिवसांचं बिल काढलं आणि पप्पांनी कॅल्क्युलेटरवर केलेल्या हिशेबाशी ते पैशाला पैसा जुळलं, तर तू निम्म्या बॅचच्या पुढे आहेस.

लॅपटॉप चालेल. ४ जीबीवर इंटेलिजेसारखं मोठं एडिटर रडतं, त्याच्या नादी लागू नकोस. ओपनजेडीके (जावा कंपाइल करून चालवायचं साहित्य) फुकट उतरवून घे, ब्लूजे टाक, आणि अधूनमधून साध्या नोटपॅडमध्ये लिहून कमांड प्रॉम्प्टवरून कंपाइल करायचीही सवय ठेव. ब्राउझरचे वीस टॅब मात्र बंद करून बस.